काकांचे कुरतडण्याचे वार

वीब्रेन टेर्पस्त्राने आयुष्यात एकट्याने काहीही ठरवलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल आमच्या गल्लीत त्याला मान होता. बोटींना वाट द्यायला पूल उघडणं हे त्याचं काम. पूर्वी तो कालव्याकाठच्या खोपटात बसून हाताने पूल वर करायचा. आता गावाबाहेर एका खोलीत बसून पडद्यावर पाच-सहा पूल बघतो आणि बटणं दाबतो. अलीकडच्या गाड्या थांबल्या, पलीकडच्या सायकली थांबल्या, बोटवाल्याने हात केला, अशी सगळ्यांची संमती मिळाल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही. ही सवय तो घरीही घेऊन आला. चित्स्केला लग्नाचं विचारण्याआधी त्याने तिच्या आईशी, दोन्ही भावांशी आणि तिच्या त्या वेळच्या मित्राशी सविस्तर चर्चा केली होती. मित्राची काही हरकत नव्हती.

त्याची समुद्राच्या पाण्याची टाकी पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून होती. आमच्या स्नेक गावात घरांना पडदे असतात, पण ते कुणी ओढत नाही. त्यामुळे टाकी टेर्पस्त्रांची असली, तरी तिच्याबद्दल मत असण्याचा हक्क सगळ्या गल्लीचा. खरा समुद्र गाडीने अर्ध्या तासावर. पण वीब्रेन घरातच बादल्यांमध्ये मीठ कालवून स्वतःचा समुद्र तयार करायचा. खऱ्या समुद्राबद्दल त्याचं मत बरं नव्हतं.

टाकीच्या मधोमध उशीएवढं एक मांसल प्रवाळ होतं, हिरवं आणि कडांना जांभळं. लग्नाच्या वर्षी लेउवार्डन शहरातल्या एका माणसाने त्याला नखाएवढा तुकडा दिला होता. वीब्रेनने तो वाढवला. दिवसा ते फुगायचं, संध्याकाळी बारीक बोटं बाहेर काढायचं, आणि वीब्रेन चिमट्याने त्या बोटांत कोळंबीचा तुकडा ठेवायचा. त्या वेळी त्याचा चेहरा बघू नये असं मला वाटायचं, आणि मी बघायचो.

मग चित्स्केने मासा आणला. बुटका एंजल जातीचा, अंगठ्यापेक्षा थोडा लांब, पेटत्या निखाऱ्याच्या रंगाचा, अंगावर काळे पट्टे. खडकावरचं शेवाळ खाईल, असं दुकानदार म्हणाला होता. मासा दिवसभर नाक खाली घालून खडक तपासत फिरायचा, म्हणून चित्स्केने त्याचं नाव काका ठेवलं. तिचे एक काका करखात्यात होते. ती खोलीत आली की काका काचेशी येऊन उभे राहायचे. वीब्रेन आला की खडकाआड जायचे.

वसंतात काकांनी शेवाळ सोडून प्रवाळ कुरतडायला घेतलं. एक चावा घ्यायचा, निघून जायचं, विचार करायचा, परत यायचं. प्रवाळ आक्रसलं आणि कडेने पांढरा सांगाडा दिसू लागला. खिडकीतून ते सगळ्यांनाच दिसत होतं.

"ते मरतंय, चित्स्के," वीब्रेन म्हणाला.

"मग काकांना काय उपाशी मारू?"

"तसं नाही म्हणत. बोलून बघू सगळ्यांशी."

सभा टेर्पस्त्रांच्या घरी भरली. खुर्च्या गोल मांडल्या, कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्कीट फिरलं आणि डबा बंद झाला. अध्यक्ष फोप्पे, निवृत्त हेडमास्तर. समोरच्या सिप्केमाबाई होत्या. दूध कारखान्यातला योरित होता, जो आठवड्याचे तीनच दिवस कामावर जातो आणि उरलेले मुलांबरोबर घालवतो. आणि सिप्केमाबाईंच्या शेजारचा मी होतो.

"माशाच्या बाजूने कोण?" फोप्पेने विचारलं.

"मी," चित्स्के म्हणाली.

"प्रवाळाच्या बाजूने?"

वीब्रेनने तोंड उघडलं.

"तू यजमान," फोप्पे म्हणाला. "यजमानाने बाजू घेऊ नये. कॉफी ओत."

वीब्रेनने कॉफी ओतली. नियम त्यालाही मान्य होता.

"मी म्हणते, प्रवाळच दुसरीकडे हलवा," सिप्केमाबाई म्हणाल्या, आणि लगेच स्वतःलाच अडवलं, "पण नको गं बाई. माझ्या स्वयंपाकघरातून तेवढंच दिसतं. मासा काय, दिसला तर दिसला."

"माझ्या भावाच्या टाकीत मासा देऊ," मी सुचवलं.

"तुझ्या भावाने सोनमासे मारलेत," चित्स्के म्हणाली. "सोनमासे! ते मारायलासुद्धा अक्कल लागते."

शेवटी योरितने खाकरून घसा साफ केला. "त्याच्या कामाचे दिवस कमी करा ना. मी केले, मला खूप फरक पडला."

सगळ्यांचे चेहरे उजळले. कुणाचाच पूर्ण विजय नाही, कुणाचीच पूर्ण हार नाही. आमच्याकडे याहून सुंदर काही नसतं. सोमवार ते बुधवार काका जाळीच्या पेटीत, टाकीतच, गुरुवारपासून मोकळे. रविवारचा प्रश्न सिप्केमाबाईंनी काढला. त्या चर्चला जाणाऱ्या. रविवारी कुरतडणं त्यांना पटेना. म्हणून रविवारीही पेटी.

खडकांच्या भोकांतून असा मासा पकडायचा तर सगळी टाकी उपसावी लागते, म्हणून बेत बारगळेल अशी वीब्रेनला आशा होती. पण चित्स्केने पेटीत उघडा शिंपला ठेवला आणि काका आपणहून आत गेले. महिनाभरात त्यांना वार कळू लागले. रविवारी सकाळी ते पेटीच्या तोंडाशी येऊन थांबलेले असत. "बघ, कसे समजूतदार आहेत," चित्स्के म्हणायची.

अडचण एवढीच, की काका आठवड्याचं काम तीन दिवसांत उरकू लागले. गुरुवारी पेटी उघडली की शेवाळाकडे ढुंकूनही न बघता थेट प्रवाळावर. योरितला हे ओळखीचं वाटलं. त्याच्या कारखान्यातही तसंच झालं होतं म्हणे. जुलै उजाडला तोवर प्रवाळ उशीचं बशीएवढं झालं होतं.

वीब्रेन फोप्पेकडे गेला. "फेरविचार करायला हवा."

"करू की. सुट्ट्यांनंतर."

"सुट्ट्यांनंतर त्यातलं काही उरणार नाही."

"हे बघ, वीब्रेन, निम्मे लोक नसताना सभा घेतली तर उरलेल्या निम्म्यांना काय वाटेल?"

वीब्रेन घरी परतला. त्याने स्वतःही हेच म्हटलं असतं. आठवड्याभरात गल्ली मुक्कामाच्या कारवान गाड्यांमागे जोडून सुट्टीला फ्रान्सला गेली. बोटींचा हंगाम असल्याने वीब्रेनला रजा नव्हती, आणि माझं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याने मीही घरीच होतो. चित्स्के बहिणीकडे टेर्सखेलिंग बेटावर गेली.

गुरुवारी सकाळी मी माझ्या खिडकीतून समोर पाहिलं. पेटी उघडायची वेळ झाली होती. काका आत येरझाऱ्या घालत होते. वीब्रेनने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, जणू कुणीतरी हात करील. रस्ता रिकामा होता. मी लंगडत काचेमागून बाजूला झालो. माझी संमती त्याने धरावी असं मला वाटेना.

पडद्याआडून मला दिसलं, त्याने छिन्नी घेतली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि प्रवाळ खडकावरून सोडवलं.

रविवारी चित्स्के बोटीने परतली. काका टाकीभर मोकळे फिरत होते, रविवार असूनही. मधला खडक रिकामा होता. कुबड्यांवर माझं थोडं चालणं व्हावं म्हणून वीब्रेनने मला कॉफीला बोलावलं होतं. म्हणून मी तिथे होतो.

"गेलं का रे?" तिने हळूच विचारलं.

"वर आहे."

आम्ही वर गेलो. मी बऱ्याच वेळाने पोचलो. मागच्या बाजूची त्यांची झोपायची खोली. पलंगाशेजारी, तिच्या बाजूच्या टेबलावर, एक छोटी टाकी होती. मोठ्या टाकीतलं पाणी, तिथलेच चार दगड, वर निळा दिवा. मध्ये ते प्रवाळ बसलं होतं, बशीएवढं, पण किंचित फुगलेलं.

"कुणाला विचारलंस?"

"कुणाला नाही."

"मला पण नाही?"

"तुला पण नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"रस्त्यावरून दिसणार नाही हे," ती म्हणाली. "सिप्केमाबाई काय म्हणतील?"

"मला दिसतं," वीब्रेन म्हणाला. "मला ते आवडतं."

इतक्या चर्चेत हा मुद्दा कुणी मांडलाच नव्हता. चित्स्के पलंगाच्या कडेला बसली. पंपाचा आवाज येत होता.

"माझ्याच बाजूला का?"

"सॉकेट इकडे आहे."

"आणि हे रात्रभर असंच गुरगुरणार?"

"हो."

मग तिने टेबलावरचं गजराचं घड्याळ, चष्म्याची डबी आणि हाताचं क्रीम उचलून खिडकीत ठेवलं आणि टाकीला दोन बोटं जागा करून दिली.

"तुझ्या घोरण्यापेक्षा सुरात आहे," ती म्हणाली. "कोळंबी कोण देणार? चिमटा कुठाय?"