देवळीतला कप

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला ठाऊक होतं, पण ती त्याबद्दल कधी बोलली नाही, आणि आता तीही राहिली नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका. आता जिवाला सोसवत नाही, एवढंच.

नेकनूरजवळच्या आमच्या गावात क्लारा नावाची परदेशी बाई येऊन राहिली होती. आमच्याच घरी. गावात काढलेल्या दिवसांवर तिला पुस्तक लिहायचं होतं, आणि बीडला कॉलेजात इंग्रजी शिकणारी मी तिची दुभाषी. काय तोरा होता माझा तेव्हा! क्लारा भाकरी थापायला शिकली, ठेचा खाऊन रडली, आणि दिसेल त्या गोष्टीबद्दल विचारत सुटली. मी सांगेन ते तिच्यासाठी खरं. कळतंय ना, मी कुठं चाललेय? अजून शब्द तोंडाशी येऊन मागे फिरतोय.

आमच्याकडे सागरबाई कामाला यायची. बौद्ध वस्तीतली. आईच्या वयाची, तरी मी तिला एकेरीतच हाक मारायचे. गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत कान तुटलेला एक कप असायचा — तो तिचा. ती तो काढून समोर धरायची, आई वरून चहा ओतायची, मग ती विसळून परत ठेवायची. घरातल्या कपांना तिचा हात लागू नये म्हणून. असं कुणी बोलून दाखवत नसे. त्यात बोलण्यासारखं काही आहे, असंच आम्हाला वाटत नसे.

एका सकाळी क्लाराला तो दिसला. हा एकटाच बाहेर का? सागरबाई तिथंच शेण भरत होती, म्हणून क्लारानं माझ्यामार्फत तिलाच विचारलं. सागरबाईचे हात थांबले. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माजा हाय त्यो," ती म्हणाली. "घरातल्या कपात आमाला चहा देत न्हाईत. सांगा तिला, ताई. हाय तसं सांगा."

आई खाली मान घालून उभी. आणि मी — मी काय सांगितलं? ती म्हणते, हा पाहुण्यांचा कप. मानाचा. म्हणून वेगळा ठेवतात.

इतकं सहज निघालं तोंडातून. जराही अडखळले नाही.

क्लारा हरखली. मग आज मला यातच चहा द्या, म्हणाली. आणि प्यायली, सागरबाईच्या देखत. सागरबाईला वाटलं, मी खरं सांगितलं, आणि ते ऐकून ही बाई मुद्दाम आपल्या कपातून प्यायली. पदरानं डोळे पुसत होती ती. मला दिसत होतं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोलले.

पुढे पुस्तक आलं. त्यात त्या कपावर अख्खं प्रकरण आहे. आमच्या घरच्या पाहुणचाराचं कौतुक, आणि ते सगळं सागरबाईच्या तोंडी, अभिमानानं सांगितल्यासारखं. क्लाराची आजही पत्रं येतात. एक ओळ लिहिली असती तर भागलं असतं. माझी मलाच किळस येते.

परवा सागरबाईला बघायला गेले. अंथरुणाला खिळलीय. माझा हात धरून म्हणाली, "ताई, कपाचं लिवलं का तिनं?"

"लिहिलं."

"माज्या नावानं?"

"तुझ्याच नावानं."

तिनं डोळे मिटले. "बरं झालं. कुनीतरी खरं लिवलं माजं."

तिच्या सुनेनं चहा आणला, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या नव्या कपात. तो मी प्यायले, आणि घरी आले.