रंगवलेले सांधे

परवा माझ्या जावयाने विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं पॅनेलं बांधलीत, एखादी मजेदार आठवण सांगा ना." मजेदार! मी म्हटलं, आठवत नाही. आठवतं सगळं. पण आठवलं की तोंड कडू होतं, आणि आता या वयात ते गिळूनही टाकता येत नाही. म्हणून लिहून काढतो.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी बेळगावकडचा, बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात वायरमन होतो. आमच्या शेडमध्ये विजेच्या वाटपाची पॅनेलं बनत. माणसाहून उंच लोखंडी कपाट, आत तांब्याच्या तीन जाड पट्ट्या, एक लाल, एक पिवळी, एक निळी. बाहेरून येणारी सगळी वीज आधी त्या पट्ट्यांवर चढते आणि तिथून फुटून एकेका यंत्राकडे जाते. पट्ट्यांना रंग द्यायचा तो ओळखायला. पण जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर बसवून बोल्टने आवळतात, त्या सांध्यावर रंगाचा ठिपकासुद्धा चालत नाही. तिथे तांब्याला तांबंच भिडलं पाहिजे. मध्ये रंग राहिला तर सांधा तापतो, आणि तापत तापत एक दिवस पेटतो. हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवायचे.

मला शिकवलं ते अण्णांनी. शेडमधले सगळ्यात जुने वायरमन, मंड्याकडचे, पन्नाशी कधीच ओलांडलेली. मला ते 'तम्मा' म्हणत, धाकट्या भावाला म्हणतात तसं. बोलणं आमचं कन्नडमध्येच व्हायचं, पण मी मराठी म्हणून मुद्दाम मध्येच एखादा 'काय रे' टाकायचे आणि स्वतःच हसायचे. सांधा करायचा तर आधी कानस, मग पॉलिश पेपर, मग घरून आणलेल्या धुवट धोतराच्या तुकड्याने पुसायचा आणि शेवटी अंगठा फिरवून बघायचा. दुसऱ्याने केलेला सांधाही ते उघडून बघत. लोक वैतागायचे. "अण्णा, आमच्यावर विश्वास नाही काय?" ते म्हणायचे, "तुझ्यावर आहे, सांध्यावर नाही." तपासणीच्या कागदावर सही त्यांची असायची, आणि त्यांची सही असली की पुढे कोणी विचारायचं नाही.

शेडचे साहेब मात्र आपले. पुण्याचे. मला नोकरी त्यांच्या चिठ्ठीवर लागली होती. मल्लेश्वरमला त्यांच्या घरी रविवारी जेवायला असायचो, वहिनी आग्रहाने वाढायच्या आणि साहेब जेवणानंतर पान लावता लावता म्हणायचे, "इथे आपण चार मराठी माणसं. धरून राहायला हवं." मीही मान डोलवायचो. आज लिहितानाही त्या डोलणाऱ्या मानेची शिसारी येते.

त्या वर्षी खंडेनवमीला आमच्याकडे तीन मोठी पॅनेलं तयार होत होती, एकाच मापाची. एक कापडगिरणीचं, एक साखर कारखान्याचं, एक कुठल्याशा गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघराचं. खंडेनवमी म्हणजे कारखान्यातला सगळ्यात मोठा सण. यंत्रं धुवायची, रंगवायची, झेंडूच्या माळा, केळीचे खांब, दारात कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे. बायकापोरं नवे कपडे घालून आत येतात आणि बाप कुठे उभा राहून काम करतो ते बघतात. कारखान्याचे मोठे साहेबही सपत्नीक येणार होते. म्हणून आमच्या साहेबांनी फर्मान काढलं: तिन्ही पॅनेलं दारं उघडी ठेवून दाखवायची, पट्ट्या आत बसवलेल्या, चकचकीत.

अण्णांनी सांध्यांपुरती जागा सोडून पट्ट्या रंगवून घेतल्या होत्या. साहेब आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "हे काय? कोड फुटल्यासारखं दिसतंय! पूजेला असं ठेवणार? या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग मारा."

अण्णा म्हणाले, "सर, सांधे आहेत."

"पूजा होऊ दे, मग खरवडा. तुमचा काय जीव जातोय?"

देवाचं काम म्हणून असेल, अण्णा 'सरी', म्हणजे बरं, म्हणाले. पेंटरने पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत रंगवल्या, आम्ही त्या तशाच जोडल्या. पूजा थाटात झाली. मोठ्या साहेबांच्या बाईंनी पट्ट्यांना हळदकुंकू लावलं, "किती सुरेख रंग!" म्हणाल्या. आमचे साहेब असे फुलले की विचारू नका. अण्णा दसऱ्याला गावी गेले. जाताना मला बजावून गेले, "मी येईपर्यंत सांधे उघडून ठेव. खरवडू आपण दोघं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाना घेऊन पहिला बोल्ट सैल करायला घेतला, तोच साहेब मागे येऊन उभे. उद्या ट्रक येणार होते आणि त्याआधी मोठे साहेब पुन्हा एकदा येऊन पॅनेलं बघणार होते.

"ठेव ते. खरवडलंस की कडेचे टवके उडतील, पुन्हा डागडुजी. घट्ट आवळ म्हणजे झालं. दाबाने रंग आपोआप निघून जातो."

निघून जात नाही. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी शिकाऊ पोर नव्हतो, चार वर्षं झाली होती. "साहेब, अण्णा रागावतील," एवढंच माझ्या तोंडून आलं, म्हणजे जणू प्रश्न अण्णांच्या रागाचा होता! साहेब हसले. "अण्णा की मी?" आणि मी आवळले. तिन्ही पॅनेलं, एकूण एक सांधा, दात-ओठ खाऊन. मग चाचणीही घेतली. चाचणीत असलं काही कळत नाही. बोल्टमधून वीज जाते, दिवा लागतो, सगळं ठाकठीक दिसतं. खरा भार महिनोन्महिने चढला की मग कळतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले तेव्हा ट्रक दारात होते, पॅनेलांची दारं लागलेली होती. साहेब दहा पावलांवर उभे होते. अण्णा थेट माझ्याकडे आले.

"खरवडलेस ना, तम्मा? सगळे?"

"हो अण्णा. सगळे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी पॅनेल उघडलं नाही. खिशातून पेन काढून तिन्ही कागदांवर सही केली, आणि वर माझ्या पाठीवर थाप मारली. थू! त्या पाठीला तेव्हाच कोणी रट्टा घालायला हवा होता.

चार-पाच महिन्यांनी कापडगिरणीचं पॅनेल जळालं. तिथल्या विजेच्या माणसाला जळका वास आला म्हणून त्याने दार उघडलं, आणि आतून जाळ अंगावर आला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. वाचला, पण बोटं आखडली ती आखडलीच, असं ऐकलं.

चौकशी बसली. आदल्या रविवारी साहेबांनी मला जेवायला बोलावलं. वहिनींनी श्रीखंड केलं होतं. हात धुताना साहेब म्हणाले, "कागदावर सही म्हाताऱ्याची आहे. त्याचं एक वर्ष उरलंय, त्याला कोण काय करणार? तुझं आत्ता लग्न झालंय. बाकीची दोन पॅनेलं नीट तपासून पाठवलीत असं मी लिहून दिलंय. तू फक्त म्हण, सांधे त्यांच्याकडे होते." श्रीखंड मी दोनदा घेतलं होतं.

चौकशीला बाहेरचे दोन अधिकारी होते. मी म्हणालो, "सांधे अण्णांकडे होते. मी फक्त तारा जोडल्या." अण्णा समोरच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना विचारलं, हे खरं आहे का? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पॅनेल न उघडता सही केली तेव्हा बघितलं होतं तसं नाही. मग म्हणाले, "सही माझी आहे. सहीखालचा सांधा माझाच."

त्यांना स्टोअरमध्ये टाकलं, चिंध्या आणि बोल्ट मोजून द्यायला. शिक्षा तशी सौम्यच. त्याच संध्याकाळी ते सायकल स्टँडवर माझी वाट बघत उभे. मला वाटलं, आता कानफटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"बाकीच्या दोनातही रंग आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"माझ्याबद्दल जे बोललास ते राहू दे. पण त्या दोन दारांपुढे माणसं उभी राहतात, तम्मा. उद्याच्या उद्या सांग."

मी साहेबांकडे गेलो. साहेब ओरडले, "मी लिहून दिलंय की तपासलीत! मला फासावर चढवतोस काय?" मी शेपूट घालून परत आलो. अण्णा रोज सुट्टीच्या भोंग्याला शेडच्या दारात यायचे. "सांगितलंस?" "उद्या, अण्णा." चार दिवस हेच. पाचव्या दिवशी ते आले नाहीत. मला, खरं सांगतो, हायसं वाटलं.

दोन दिवसांनी नोटीस बोर्डापुढे गर्दी दिसली. अण्णांनी थेट मोठ्या साहेबांना लिहून दिलं होतं: साखर कारखान्याच्या आणि पंपघराच्या पॅनेलचे सांधेही मीच रंगासकट आवळले, जाणूनबुजून आवळले, आणि शेडच्या साहेबांना तपासलेत म्हणून खोटं सांगितलं; ती दोन्ही आजच उघडा. दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं तर पुन्हा चौकशी बसली असती, आणि ती दारं तोवर बंदच राहिली असती. एका पॅनेलची चूक म्हणजे चूक. तीन, आणि तीही लपवलेली, म्हणजे गुन्हा. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि त्यांना कामावरून काढून टाकलं. फाटकाबाहेर जाताना ते कोणाशी बोलले नाहीत. मी शेडच्या खिडकीतून बघितलं. बाहेर गेलो नाही.

सांधे खरवडायला साहेबांनी कोणाला पाठवलं? मलाच. शेडमध्ये आता सांध्यांचा सगळ्यात जाणकार मीच ना!

पंपघरातलं पॅनेल उघडलं. मधल्या पट्टीचा सांधा काळा पडला होता, पिवळ्या रंगाला फोड आले होते. आणखी पंधरा दिवस, फार तर महिना. तिथला ऑपरेटर, चार मुलांचा बाप, रोज सकाळी दार उघडून फडक्याने आतली धूळ पुसायचा. त्याने ते काळं तांबं बघितलं आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "स्वतःची चूक सांगायला इतक्या लांब येणारी माणसं राहिलीत कुठे? देव तुमचं भलं करो." आणि बायकोला हाक मारून त्याने माझ्यासाठी कॉफी मागवली.

मी ती प्यालो.