उसना आवाज

निपाणीच्या महानंदाबाई लग्न होऊन बंगळूरला आल्या, तेव्हा कन्नड त्यांना बाजारापुरतं येत होतं. नवरा यशोवर्धन चिकपेटेत चुलत्यांच्या साड्यांच्या दुकानात बसायचे. त्यांच्या घराण्याला या शहरात पाच पिढ्या झालेल्या. घरात बोलणं मराठीत, पण भांडण आणि गाणं कन्नडमध्ये. दिवसभर गिऱ्हाइकाला ‘बनी अक्का, बनी’ करून बोलवायचं आणि संध्याकाळी दुकान चुलतभावावर टाकून तालमीला पळायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

त्यांच्या बँडचं नाव ‘संजेगाडी’, म्हणजे संध्याकाळची गाडी. कीबोर्डवर हयवदन, गिटारवर गिरीराज, ड्रमवर कोणी ना कोणी, आणि मधोमध यशोवर्धन. गाणी त्यांची स्वतःची. लिहायचे तेच, चाल लावायचे तेच. त्या काळी त्यांच्या दोन कॅसेट निघाल्या आणि गणेशोत्सवाच्या मंडपांतून, कर्नाटक राज्योत्सवाच्या कार्यक्रमांतून लोकांना पाठ झाल्या. लोक त्यांना यशण्णा म्हणायचे.

महानंदाबाई गायला लागल्या त्या अपघातानं. कोलारच्या एका कार्यक्रमाला गाणारी मुलगी आयत्या वेळी आली नाही. यशोवर्धन म्हणाले, “तू म्हण.”

“अहो, लोकांसमोर?”

“स्वयंपाकघरात म्हणतेस तसं म्हण. लोकांकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.”

त्या त्यांच्याकडे बघून गायल्या, आणि पुढची बावीस वर्षं तशाच गायल्या. सगळ्यात गाजलं ते साराचं गाणं. सारात मीठ कमी पडलंय म्हणून नवरा-बायको भांडतात आणि शेवटी दोघांनाही कळतं की मीठ घालायला दोघंही विसरलेत. तिथं यशोवर्धन हसायचे. ते हसू गाण्यातलं नव्हतं, पहिल्या वेळी खरंच हसू आलं होतं. मग लोक त्या हसण्याची वाट बघायला लागले.

यशोवर्धनांचा आवाज तसा काही फार मोठा नव्हता. लहानपणी दम्याचा त्रास होता, त्यामुळे ओळ भलत्याच ठिकाणी तुटायची, शब्दाच्या मध्येच श्वास घ्यावा लागायचा. पहिलं कडवं संपलं की मान वळवून ते हळूच खोकायचे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर लोकांनी हाकलून दिलं असतं. त्यांचं मात्र तेच आवडायचं.

२०१९च्या उन्हाळ्यात चिकपेटच्या मेट्रोचा जिना चढताना यशोवर्धन खाली बसले, ते उठलेच नाहीत. महानंदाबाई येलहंकाच्या एका शाळेत गाणं शिकवायच्या, तेव्हा त्या मुलांकडून प्रार्थना बसवून घेत होत्या. त्या पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटचं काय बोलले, हे सांगायलाही ओळखीचं कुणी जवळ नव्हतं.

पुढची तीन वर्षं त्या गायल्या नाहीत. शाळेतली नोकरीही सुटली. मुलगी भार्गवी कंपनीत नोकरीला लागली होती, दोघी येलहंकाच्या घरात राहायच्या. मग कुणीतरी साराच्या गाण्याचा जुना व्हिडिओ फोनवर टाकला आणि तो वणव्यासारखा पसरला. गाणं निघालं तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुलं त्यावर व्हिडिओ करायला लागली. हयवदनांना फोन येऊ लागले. ते घरी आले.

“अक्का, लोक बोलावताहेत. गाणी तर आहेत, आपणही आहोत.”

“ते नाहीत.”

“नाहीत. पण गाणी गायली नाहीत तर तीही जातील. स्वल्प विचार करा.”

त्यांनी विचार केला आणि हो म्हटलं. खरं कारण हयवदनांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं होतं, स्टेजवर उभं राहिलं की ते शेजारी आहेत असं भासेल.

पहिला कार्यक्रम हासनला झाला. यशोवर्धनांच्या जागी गिरीराज गायले. सुरात गायले, ओळ न तोडता गायले. लोक शांत बसून होते. साराचं गाणं संपताना गिरीराज हसले, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “यशण्णा कुठंय?” आणि हशा पिकला. परतीच्या प्रवासात गिरीराज एवढंच म्हणाले, “मी गिटारच वाजवतो.”

महिन्याभरानं हयवदनांनी सूरजला आणलं. तिशीतला मुलगा, के. आर. पुरमला केबलच्या ऑफिसात कामाला. घरी मराठी, बाहेर कन्नड. यशण्णांच्या नकलेचे व्हिडिओ करून त्यानं थोडंफार नाव मिळवलं होतं. हयवदनांच्या घरी तालीम ठरली. महानंदाबाई त्याला बघायला तयार नव्हत्या, म्हणून खिडकीकडे तोंड करून बसल्या. सूरज गायला लागला. दुसऱ्याच ओळीत शब्द मध्येच तुटला, श्वास घेतला, आणि महानंदाबाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला.

गाणं संपलं तरी त्या वळल्या नाहीत. सूरज घाबरून गेला.

“अक्का, चुकलं का?”

“खोकला,” त्या म्हणाल्या. “तू समोर बघून खोकलास. ते मान वळवायचे. डावीकडे.”

तिथून सुरुवात झाली. सूरज मन लावून शिकणारा होता आणि स्वभावानं सरळ होता. दर रविवारी के. आर. पुरमहून येलहंकाला यायचा, येताना त्यांच्यासाठी पेरू नाहीतर शेवंतीची फुलं आणायचा. तो विचारायचा, सर गाताना डोळे मिटायचे का? माईक कुठल्या हातात? चष्मा पुसायचे तो रुमालानं की शर्टाच्या टोकानं? विमानतळाच्या बाजूनं हवाई दलाचं विमान डोक्यावरून गेलं की दोघं थांबायचे आणि ते गेलं की पुन्हा सुरू करायचे. महानंदाबाई आठवून आठवून सांगत गेल्या. प्रत्येक गोष्ट त्याला नेमकी जमली की क्षणभर खोलीत यशोवर्धन यायचे. मग त्या पुढची गोष्ट सांगायच्या. हसायच्या आधी त्यांचा खांदा कसा हलायचा. ‘ळ’ म्हणताना जीभ किती वेळ टाळ्याला राहायची. गाणं विसरले तर बायकोकडे कसे बघायचे.

‘संजेगाडी’ पुन्हा धावायला लागली. शिवमोगा, दावणगेरे, तुमकूर, बंगळूरच्या कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. सूरजनं केस यशोवर्धनांसारखे वाढवले, तसाच चष्मा घेतला. साराच्या गाण्यात तो हसला की टाळ्या थांबायच्या नाहीत. म्हातारी माणसं स्टेजमागे येऊन महानंदाबाईंचे हात धरायची. “अक्का, वाटलंच नाही हो ते गेलेत म्हणून.” त्याही तेच म्हणायच्या, की त्यांनाही वाटत नाही.

भार्गवी कार्यक्रमांना येत नव्हती. एकदा राज्योत्सवाचा कार्यक्रम येलहंकालाच होता, घरापासून चालत जाण्याएवढा जवळ, म्हणून आली. साराचं गाणं अर्ध्यावर असताना महानंदाबाईंनी तिला खुर्चीवरून उठून जाताना पाहिलं. घरी आल्यावर ती जेवायला वाढून बसली होती, पण ताटाला हात लावला नव्हता.

“मधेच का उठलीस?”

“तू त्याला बाबांचा खोकलापण दिलास?”

“लोकांना तो हवा असतो, भार्गवी.”

“लोकांना हवा असेल. तुला कळतंय का तू काय करतेयस? तो माणूस बाबांसारखा अजिबात नाहीये, आई. बाबा घरात असे बोलायचे तरी का? असे हसायचे? ते फक्त स्टेजवरचं होतं. तू तेवढंच सगळीकडे पसरवलंयस.”

महानंदाबाईंना राग आला. ज्या मुलीनं बापाचा एक कार्यक्रम कधी धड पाहिला नाही, तिनं हे सांगावं! त्या म्हणाल्या, “तुला काय माहीत ते कसे होते.” भार्गवीनं ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि आत निघून गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी भार्गवीनं नवा फोन घेतला. सकाळची वेळ होती. महानंदाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि भार्गवी समोर बसून जुन्या फोनमधलं नव्या फोनमध्ये घेत होती. मधेच एक आवाज वाजला. कुणीतरी पुरुष सांगत होता की येताना दही आण, घरातलं संपलंय, आणि लवकर ये, तुझी आई वाट बघतेय.

महानंदाबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, “कोण गं? सर्दी झालीय वाटतं बिचाऱ्याला.”

भार्गवीनं फोन खाली ठेवला, म्हणून त्यांनी वर पाहिलं. मुलीचं तोंड बघूनच त्यांना कळलं.

“परत लाव,” त्या म्हणाल्या.

भार्गवीनं परत लावलं. परत लावलं. दही, लवकर ये, तुझी आई. शब्द त्यांचेच होते. आवाज मात्र महानंदाबाईंना परक्या घरातून आल्यासारखा वाटत होता.

“हे आहेत,” त्या म्हणाल्या. “हो. हेच आहेत.” पण त्या स्वतःला समजावत होत्या, आणि भार्गवीला ते ऐकू आलं.

भार्गवी कामावर गेल्यावर त्यांनी जुनी कॅसेट लावली. यशोवर्धन पातळ वाटले, घाईत गाणारे वाटले. साराच्या गाण्यातलं हसू लवकर संपलं. त्यांनी कॅसेट बंद केली, डोळे मिटले आणि नवऱ्याची हाक आठवायचा प्रयत्न केला. ते घरात ‘नंदा’ म्हणायचे. ‘नंदा’ ऐकू आलं, पण सूरजच्या आवाजात. सूरजनं त्यांना कधीच अशी हाक मारली नव्हती, तो अक्का म्हणायचा. म्हणजे जी हाक कुणीच कधी मारली नव्हती, ती त्यांना ऐकू येत होती. खरी हाक पुसली गेली होती.

त्यांनी हयवदनांना फोन करून गाणं बंद केल्याचं सांगितलं. कारण विचारलं तेव्हा घसा बसलाय म्हणाल्या. त्यांना वाटलं, नकलेपासून लांब राहिलं तर हळूहळू मूळ वर येईल, गढूळ पाणी निवळतं तसं. रोज सकाळी त्या दह्याचा निरोप ऐकायच्या. भार्गवीनं तो त्यांच्या फोनवर पाठवला होता. पण रोज ऐकून तो निरोपच झाला, त्यातला माणूस निघून गेला. मूळ वर आलं नाही. उलट सूरजचा आवाजही फिका पडायला लागला, आणि घरात कुणाचाच आवाज उरला नाही. पावसाळाभर त्या तशा राहिल्या. मग त्यांनीच हयवदनांना फोन केला.

“घसा सुटला,” म्हणाल्या. “कधी आहे कार्यक्रम?”

भार्गवीला हे कळलं तेव्हा ती भांडली नाही. तिनं ऑफिसजवळ खोली घेतली, आईला पत्ता दिला, गॅसचं बुकिंग कसं करायचं ते फोनवर दाखवलं आणि गेली. रविवारी यायची, वरणभात जेवायची, सूरज यायच्या आत निघायची.

पण सूरजही फार दिवस राहिला नाही. एका रविवारी तो काही न आणता, रिकाम्या हातानं आला आणि दारातच उभा राहिला.

“अक्का, मी सोडतोय.”

“काय झालं? हयवदन काही बोलले?”

“नाही, नाही. मला माझं गायचंय. दोन-तीन ठिकाणी बोलावलंही होतं. गेलो. तिथं ते म्हणतात, तुझ्या स्वतःच्या आवाजात म्हण.” तो चपला न काढताच बोलत होता. “म्हटलं तर ओळ मधेच तुटली. दमा मला नाही, अक्का. मी दोन किलोमीटर पळतो. तरी ओळ तुटते. बायको म्हणते, मी झोपेतसुद्धा सरांसारखा खोकतो.”

महानंदाबाईंना त्याला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. येईल परत, म्हणायचं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात काय परत आलं नव्हतं ते त्यांना माहीत होतं, त्यामुळे खोटं सांगवेना. सूरजनं वाकून नमस्कार केला आणि तो जिना उतरून गेला. पुढे तो कुठं गातो का, हे त्यांना कळलं नाही. हयवदन म्हणतात, केबलच्या ऑफिसातच आहे.

हयवदनांनी नवा मुलगा शोधला. नाव प्राणेश, तुमकूरचा. यशोवर्धनांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, कॅसेटही ऐकली नव्हती. सूरजचे व्हिडिओ बघून शिकला होता. तालमीत त्यानं साराचं गाणं म्हटलं. हसण्याआधी त्यानं उजवा हात जरासा वर उचलला. महानंदाबाईंनी तो हात पाहिला. यशोवर्धन असा हात उचलायचे का? की हे सूरजचं होतं? त्यांनी आठवून पाहिलं. दोघंही हात उचलताना दिसले. मग दोघंही न उचलताना दिसले.

“अक्का, बरोबर आहे ना?” हयवदनांनी विचारलं.

गिरीराज गिटारवरून वर बघत होते. पंचवीस-तीस वर्षं यशोवर्धनांच्या डाव्या हाताला उभे राहिलेले गिरीराज. त्यांच्याही चेहऱ्यावर तोच प्रश्न होता. उत्तर महानंदाबाईंकडे असणार, असं ते धरून चालले होते.

“सरी,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे.”

पुढच्या शनिवारी चित्रदुर्गला कार्यक्रम झाला. मैदान भरलं होतं. महानंदाबाई प्राणेशकडे बघून गायल्या, त्यानं हात उचलला, तो हसला, आणि लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या वाटेवर गाडी चहाला थांबली, तेव्हा भार्गवीचा फोन आला.

“कसं झालं, आई?”

“चांगलं झालं. लोक रडत होते.”

“आणि तू?”

महानंदाबाईंनी गाडीकडे पाहिलं. प्राणेश मागच्या बाकावर डोकं टेकून झोपला होता. हयवदन त्यांना हातानं बोलवत होते.

“ठेवते,” त्या म्हणाल्या. “गाडी सुटतेय.”