वारंवार खाली उतरणारे काका

"तू खाली बघ बाय, वर मी बघतो." शिडीवर पाय ठेवण्याआधी काका हे म्हणायचेच. मग टॉवेल कमरेला कसायचे आणि या वयातही सरसर वर जायचे.

आमच्या रानशेतच्या पाड्यावर पावसाळ्याआधी घरांची कौलं परतायची कामं आम्ही दोघं करायचो. मी खालून कौलं द्यायची. ते वर बसून फुटकी काढायचे, पालापाचोळा झाडायचे, चांगली बसवायचे. छपरावर त्यांचा आवाज मोठा. "अगो, तुझी भाजी करपली," असं वरूनच त्या घरच्या बाईला सांगायचे. जमिनीवर आले की गप्प. चहासुद्धा मागायचे नाहीत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याला फक्त कामावर असताना तोंड फुटतं.

सकाळी चढलेले काका जेवायलाच उतरायचे. नोटा बंद झाल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मात्र ते सारखे उतरू लागले. थोडी कौलं बसवली की खाली. घरामागे कुडाकडे तोंड करून बराच वेळ उभे राहायचे, परत वर. एका घरच्या बाईने थट्टा केली, "काका, आमची शिडी झिजेल हो."

"झिजली तर नवी बांधून देईन."

जमलेल्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही. सावलीत उभे असूनही त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला की हात आडवा करायचे. "कमी प्यायलं की कमी उतरावं लागतं." हाच त्यांचा इलाज.

एका दुपारी ते छपराच्या कडेला नुसते बसून राहिले. म्हणाले, "शिडी धर. घट्ट धर." उतरले, कुडापर्यंत गेले आणि तिथेच खाली बसले. थेंबही येत नव्हता. ओटीपोट दगडासारखं झालं होतं. मी धावत जाऊन काकीला घेऊन आले आणि आम्ही काकांना रिक्षाने डहाणूला नेलं. प्रत्येक खड्ड्याला ते माझं मनगट आवळायचे.

दवाखान्यात नळी घातली. पिशवी भरली, ओतली, पुन्हा भरली. काका लहान मुलासारखे रडत होते, आणि मध्येच हसतही होते. नंतर डॉक्टरांनी मागून बोटाने तपासलं. काका बाहेर येऊन काकीला म्हणाले, "आता लाज म्हणून काही उरली नाही. चहा पाज."

डॉक्टरांनी समजावलं, लघवीच्या वाटेवरची गाठ वाढली आहे, म्हातारपणी पुष्कळांची वाढते, ऑपरेशनने बरं होतं. "त्रास कधीपासून?"

"दोन पावसाळे झाले."

काकी उसळली. "दोन पावसाळे! मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून काय? माझ्या वाटचं तू जाणार होतीस?"

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. इतके दिवस तुंबल्याने दोन्ही मूत्रपिंडं खराब झाली होती. रक्त सुधारल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नव्हतं. तोवर नळी राहणार. काकांनी एकच विचारलं, "हिच्यासकट छपरावर जाता येईल का?"

"नाही बाबा. नळी निघाली की जा."

मग ते ओट्यावर बसून वाट पाहू लागले. मी भेटायला गेले की पिशवीवर टॉवेल टाकायचे आणि भिंतीकडे सरकायचे. रक्त तपासून आलं की काकीला विचारायचे, "चांगलं आलं का? मग कधी काढणार?" काकी सांगायची, "पुढच्या वेळी." त्यांचे पाय सुजले. जेवण मातीसारखं लागतं म्हणायचे. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, त्याची तयारी चालली होती. गणपती गेले आणि काकाही गेले.

बाहेर अंघोळीचं पाणी तापलं होतं. माणसं उचलायला पुढे झाली, तशी काकी दारात आडवी उभी राहिली. "आधी ती नळी काढा. तिच्यासकट नाही न्यायचं त्यांना."

कुणाला काढता येईना. उपकेंद्रातल्या सिस्टरला बोलावणं गेलं. ती येईपर्यंत सगळे अंगणात थांबले, पाणी पुन्हा तापवावं लागलं. सिस्टर आली, दार लावून घेतलं. थोड्या वेळाने कागदात काहीतरी गुंडाळून बाहेर आली.

काकीने तिचा हात धरला. "दुखलं नाही ना त्यांना?"

"नाही आई," सिस्टर म्हणाली. "अलगद निघाली."