दोनाचा घन, अधिक एक

शहाद्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवतो. ऑनलाइन चाचणी घ्यायचं ठरलं तेव्हा प्राचार्यांनी काम माझ्याकडे दिलं, कारण स्टाफरूममध्ये स्वतःचा लॅपटॉप असलेला मी एकटाच होतो. वीस प्रश्न मी वर्डमध्ये टाइप केले, घातांक नीट वर चढवले, वर्गमुळाची चिन्हं घातली आणि सगळं उचलून चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं. पुन्हा पाहिलं नाही. आपणच टाइप केलेलं काय पाहायचं?

पहिला प्रश्न होता दोनाचा घन अधिक एक. उत्तर नऊ. मुद्दाम सोपा ठेवला होता. निकाल आला तेव्हा वर्गातल्या झाडून सगळ्यांनी चोवीस लिहिलं होतं.

सगळ्यांची एकच चूक, म्हणजे कॉपी. दुसऱ्या दिवशी अख्खा तास मी प्रामाणिकपणावर बोललो. मुलांनी माना खाली घालून ऐकलं. कोणी तोंड उघडलं नाही, तो मला कबुलीजबाबच वाटला.

तास संपल्यावर एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. तोरणमाळची, इथे वसतिगृहात राहणारी, वर्गात फारसं न बोलणारी.

"सर, तेवीस अधिक एक चोवीसच होतात ना?"

"होतात. पण तेवीस आणलेस कुठून?"

तिने मोबाइल पुढे केला. घातांकातला तीन खाली उतरून दोनाच्या शेजारी बसला होता. स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं: 23 + 1 = ?

पुढे 5x2 = 80. मला एक्सचा वर्ग हवा होता, उत्तर चार. तिने आठ लिहिलं होतं.

"पाच गुणिले एक्स गुणिले दोन," ती म्हणाली.

दिसत होतं त्याप्रमाणे तिचं बरोबर होतं. वर्गमुळाच्या जागी नुसता रिकामा चौकोन होता.

"इथे काही लिहिलं नाही सर. चौकोनाचं अजून शिकवलं नाही."

"मग वर्गात का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत होता."

मी लॅपटॉप उचलून कॉम्प्युटर लॅबच्या बाईंकडे गेलो. त्यांनी एक नजर टाकली आणि चाचणीच्या सॉफ्टवेअरवर बोट ठेवून म्हणाल्या, "आठे, या खिडकीत, असं चालत नही, सर." मग त्यांनी दाखवलं: सूत्र दोन डॉलरच्या खुणांमध्ये लिहायचं, घातांकाआधी ^ हे छोटं टोक टाइप करायचं.

"डॉलर कशाला?"

"ते या सॉफ्टवेअरलेच माहीत."

वीस प्रश्नांना मला तीन दिवस लागले. एक डॉलर राहिला की सूत्राऐवजी खुणांचा कचरा दिसायचा. प्रत्येक प्रश्न मी लॅपटॉपवर पाहिला, मग शिपायाच्या जुन्या मोबाइलवर पाहिला.

चौथ्या दिवशी वर्गात उभा राहून म्हणालो, "चूक माझी होती. तुम्ही कॉपी केली नव्हती." आधीच्या भाषणाला तयारी लागली नव्हती, या दोन वाक्यांची मी घरी केली होती. मुलांनी पुन्हा माना खाली घातल्या. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मी कोण ते पाहिलं नाही.

चाचणी पुन्हा झाली. त्या मुलीला वीसपैकी सतरा मिळाले. तीन उत्तरं चुकली होती. मी ते तिन्ही प्रश्न मोबाइलवर उघडून पाहिले. ते बरोबर दिसत होते.