आईने दिलेली ब्रह्मदेशची नोट

माझे वडील गणिताचे मास्तर होते. कुणाचं काही पूर्ण बरोबर आहे, असं त्यांनी आयुष्यात कबूल केलं नाही. आमटी चांगली झाली की म्हणायचे, "आज मीठ विसरलेलं दिसत नाही." माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "पेढा बरा आहे." नारायण पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कौतुक म्हणतात ते एवढंच. मला त्याचा राग यायचा. आईला यायचा नाही, किंवा येऊन येऊन संपला असावा.

बाबांना छंद होता ब्रह्मदेशच्या नोटांचा. इंग्रजांच्या अमलातल्या. त्याचं मूळ त्यांच्या थोरल्या काकांत. हे काका रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. लढाई तिथे पोचली तेव्हा माणसांच्या लोंढ्याबरोबर चालत सुटले आणि जंगलं, डोंगर, हगवण सगळं पार करून कसेबसे पुण्याला आले. खिशात पाचाची एक नोट उरली होती. नोट दिसायला इथलीच, राजाचं चित्र वगैरे सगळं जागच्या जागी. फक्त वर लाल अक्षरांत छापलेलं, की ही ब्रह्मदेशातच चालेल. वाणी ती घेईना. काका रोज नवीन वाणी धरून हुज्जत घालायचे. जिथून जीव मुठीत धरून पळून आलो तिथेच चालणारी नोट माणसाच्या हातात राहावी, याचं बाबांना लहानपणी फार वाईट वाटलं होतं. काकांनी मरायच्या आधी ती बाबांना दिली.

पुढे दहाची मिळाली. संचातली तिसरी, शंभराची, मात्र मिळेना. त्या वेळची शंभराची नोट म्हणजे पोस्टकार्डापेक्षा मोठा कागद, आणि त्यावर ती लाल ओळ असलेल्या फारच थोड्या उरल्यात. बाबा प्रदर्शनांना जायचे, लिलावांची पत्रकं वाचायचे, आणि परत येऊन आईला सांगायचे, "नाही." आई विचारायची नाही काय ते. चहा टाकायची.

त्यांच्या वहीला, म्हणजे ज्यात नोटा ठेवायचे त्या अल्बमला हात लावायचा तर एकच नियम होता. हात पुसून या. पुसले असतील तर पुन्हा पुसा. ती ज्या कपाटात असे त्या कपाटाच्या वाटेलाच आई जात नसे. "मी तिथे फडकंसुद्धा फिरवत नाही," ती शेजारणीला सांगायची. "ब्रह्मदेशावर धूळ बसली तर ब्रह्मदेश बघून घेईल." इतकी वर्षं पुण्यात राहून तीही तयार झाली होती.

आई मूळची वर्ध्याकडची. तिच्या माहेरी भिंतीतल्या कपाटात तिचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र होतं, ते वाळवीने खाल्लं. नुसती किनार उरली होती, असं ती बोटांनी दाखवायची. दुसरी प्रत काढायला कुणी हिंडलं नाही, तिचं शिक्षिकेच्या कोर्सला जाणं राहिलं आणि त्या उन्हाळ्यात लग्न झालं. त्यामुळे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनचं यंत्र आलं, तेव्हा तिला देव भेटल्यासारखं झालं. माझ्या सगळ्या गुणपत्रिका, रेशनकार्ड, आरत्यांचा कागद, अनारशांचं प्रमाण, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी, सगळं प्लास्टिकमध्ये. बाबा म्हणायचे, "रात्री मी जपून झोपतो. सकाळी उठून बघावं तर मीही लॅमिनेट."

तिच्या भजनी मंडळात एक फार म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आईच बरोबर गेली होती, डोळ्यांत थेंब घालायला रोज जायची. त्यांचे सासरे रंगूनला होते, हे एकदा बोलता बोलता निघालं. त्यांच्या पोथीत एक जुनी नोट होती. आईने लाल ओळ पाहिली आणि काय ते ओळखलं. बाई म्हणाल्या, "घेऊन जा गं, माझ्या पोरांना काय त्याचं."

बाबांच्या वाढदिवसाला मी हिंजवडीहून केक घेऊन गेले होते. बाबांनी केककडे पाहून "हे कुणाचं बारसं आहे?" असं विचारून झालं होतं. मग आईने कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदात बांधलेलं पुडकं त्यांच्यापुढे ठेवलं. इतक्या वर्षांत तिने त्यांना कधी भेट दिली नव्हती. त्यांनी ते उघडलं.

आत ती शंभराची नोट होती. चकचकीत, ताठ, चारी बाजूंनी प्लास्टिकची बोटभर किनार, कोपरे गोल कापलेले.

"घड्या फार होत्या," आई म्हणाली. "आधी हलकी इस्त्री फिरवली. नेहमीच्या पाकिटात मावेना, म्हणून त्याला मोठं लावायला सांगितलं. आता काही होणार नाही तिला."

 बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी वाट बघत होते, आता काहीतरी तिखट येणार. आलं नाही. त्यांनी ती नोट दोन्ही हातांनी धरली होती आणि त्यांचा अंगठा त्या प्लास्टिकवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कुठे मिळाली?" आई सांगत गेली, अगदी मोतीबिंदूपासून, आणि त्यांनी तिला मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "संच पूर्ण झाला माझा." त्या दिवशी त्यांनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. आई स्वयंपाकघरात गेली तेव्हा गुणगुणत होती.

मी निघाले तेव्हा बाबा खालपर्यंत सोडायला आले. ते कधी येत नसत. जिन्यात थांबून हळू आवाजात म्हणाले, "ती नोट मेली."

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. लॅमिनेशनच्या प्लास्टिकला आतून डिंक असतो, तो उष्णतेने कागदात शिरतो. सोलायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर येते. जगातला कुठलाही शहाणा माणूस ती आता संचात धरणार नाही.

"तुला सांगतोय ते अशासाठी, की तू मोबाईलवर शोधशील आणि बोलून जाशील. तुझी जीभ माझ्यावर गेली आहे." मग जरा थांबून म्हणाले, "चाळीस वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्या छंदाला हात लावला गं. तो हात मी झटकू? तिला कळता कामा नये. कधीच."

मी शब्द दिला. घरी जाताना गाडीत मला रडू आलं, नोटेसाठी नाही.

त्यानंतर रविवारी बाबांचे छंदिष्ट मित्र जमायचे तेव्हा बाबा आधी जिन्यात जाऊन उभे राहत. एकेकाला तिथेच गाठून तंबी देत. मग ती पेन्शनर मंडळी आत येत, आई कौतुकाने शोकेसमधून नोट आणे, आणि एरवी चहातही खोट काढणारे हे लोक मान डोलावत. "वहिनी, असा नमुना पाहायला मिळत नाही." पुण्यात चार माणसांनी एकाच वस्तूची स्तुती करावी, यातच खरं तर काळंबेरं दिसायला हवं होतं. आईला दिसलं नाही. ती पोह्यांवर जास्तीचं खोबरं पेरायची.

बाबा गेल्या थंडीत गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, एका बाजूला कलले ते कललेच. त्यांच्या मित्रांपैकी दोघे आधीच गेले होते, एक मुलाकडे परदेशी होते, राहिलेले एक अंथरुणाला खिळून. म्हणजे गुपित आता माझ्या एकटीपाशी उरलं, आणि मला ते जड वाटत नव्हतं. एक माणूस जपत होता, आता मी जपेन, एवढंच.

आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं होतं, आणि आईला माझ्याकडे आणायचं चाललं होतं. तिने सामान आवरायला घेतलं. तिच्या मनात आलं, की वर्षश्राद्धाच्या सुमाराला नोटांचं प्रदर्शन भरतं, त्यात ह्यांचा संच ह्यांच्या नावाने मांडावा. मला न विचारता तिने बाबांच्या डायरीतला नंबर काढून फोन केला. प्रदर्शनवाल्यांपैकी एक गृहस्थ लगेच यायला तयार झाले. ते घरी यायला निघाल्यावर तिने मला कळवलं, "तूही ये, तुझ्यासमोर देऊ."

मी ऑफिसातून तशीच उठले. हिंजवडीच्या पुलाखाली गाडी अडकली. पुढे कंपन्यांच्या बसेस, मागे कंपन्यांच्या बसेस. मी आईला फोन लावत होते, ती उचलत नव्हती. पाहुणा आला की फोन बघायचा नाही, ही तिची रीत. त्या गृहस्थांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी स्टिअरिंगवर हात आपटले. त्याने एकही बस हलली नाही.

मी जिना चढले तेव्हा ते गृहस्थ दारात बूट घालत होते. पन्नाशीचे, सोलापूरकडचे, साधे. मला पाहून उभे राहिले.

"ताई, मला ठाऊक नव्हतं हो. त्यांनी विचारलं, हा नमुना मधोमध लावाल ना, म्हणून. मी म्हटलं, लॅमिनेट केलेली नोट आपल्याला मांडता येत नाही. कुणी केलं, असं सहज विचारलं मी. त्या म्हणाल्या, मी."

त्यांचा काहीच दोष नव्हता. पाचाची आणि दहाची त्यांनी घेतली होती, रीतसर पावती दिली होती. शंभराची टेबलावर होती. आई तिच्यासमोर खुर्चीत बसली होती. पोहे तसेच झाकलेले होते.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. बाबांनी जिन्यात सांगितलं."

तिने मान हलवली. मी तिच्याजवळ बसायला गेले, तर तिने हाताने थांबवलं.

"मला वाटलं, आनंदाने बोलवेना त्यांना," ती म्हणाली. "माझी भाजी, माझं बोलणं, माझं माहेर, कशाला म्हणून त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, तो एक दिवस तर आहे. माझ्यामुळे ह्यांना शब्द सुचला नाही असा एक दिवस आहे. रात्री झोप नाही आली की मी तोच काढून बघायची." तिने नोट टेबलावर पालथी घातली. मग इतकी वर्षं पुण्यात राहून जी बोली तिने टाकून दिली होती, ती एकदम वर आली. "सांगितलं काहून नाही त्यांनी मले? काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "आई, तुला वाईट वाटू नये म्हणून. फार जीव होता त्यांचा तुझ्यावर."

"ते कळतं गं मला," ती म्हणाली. "पण रागावले असते तर मी रडले असते. भांडले असते. चुकलं म्हणाले असते. सकाळी चहा झाला असता की नाही? आता मी कुणाला म्हणू चुकलं?"

 बाबांनी जे केलं त्याहून मोठं प्रेम मी पाहिलेलं नाही, आणि त्याच प्रेमाने आईला असं एकटं पाडलं, हे दोन्ही खरं आहे. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांची बाजूही मीच घेते.

प्रदर्शनाला आम्ही गेलो. काचेखाली पाचाची आणि दहाची होती, शेजारी बाबांचं नाव. आईने नमस्कार केला आणि लगेच घरी जाऊ म्हणाली. शंभराची तिने लुगड्यांच्या घडीत ठेवली आहे. ती बाहेर काढत नाही, आणि मी विचारत नाही.

आता ती माझ्याकडे हिंजवडीला असते. सामानात तिने आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आणली. तिच्यावर बाबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "हे मीठ आहे. साखर नव्हे. अनुभवावरून." शाईची चिठ्ठी, वाफेने फिकट होत चाललीय. "अनुभवावरून"मधला पहिला अ आता दिसतही नाही. त्यांच्या हातचं असं, समोर दिसणारं, एवढंच उरलंय. परवा मी न राहवून म्हटलं, "आई, खाली सोसायटीत दुकान आहे. काढून लॅमिनेट करून आणू?"

"नको," ती म्हणाली. "जाईल तेव्हा जाईल."

आमटीला उकळी आली होती. तिने पदराला हात पुसले. पुन्हा एकदा पुसले. मग बरणी उचलली.