दुधातल्या दोन पट्ट्या

धम्मदीप चहा बशीत ओतून प्यायचा. चिकटपट्टीचे तुकडे शर्टाच्या बाहीला चिकटवून ठेवायचा आणि बोलता बोलता एकेक काढून नळ्यांवर लावायचा. सशाच्या कानातून रक्त घेण्याआधी म्हणायचा, "झालंच हां, सारजे." सारजा हे त्याच्या आजीचं नाव. दोघी सारख्याच हट्टी, म्हणून सशालाही तेच.

वरकुट्याचा धम्मदीप बारामतीच्या एका कॉलेजात संशोधन करत होता. मराठीत बी.ए. करून तिथंच ग्रंथालयात लागलेली अंजली त्याची मैत्रीण. पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, इन्सुलिनचा निरोप आत पोचवणारं. ते त्याने सारजेला टोचलं होतं. नेमकं तेच ओळखणारी प्रतिद्रव्यं सारजेच्या रक्तात तयार झाली का, हे त्याला बघायचं होतं. त्यात दोन वर्षं गेली होती.

"आणि नसली झाली तर?" अंजलीने चिडवलं.

"तर आईला तोंड कसं दाखवू, अंजे? तिला वाटतंय, मी तिच्या साखरेवरच औषध शोधतोय."

मार्चातल्या त्या गुरुवारी त्याने पेशींतली प्रथिनं उतरवलेल्या कागदासारख्या दोन पट्ट्या दोन डब्यांत ठेवल्या. वर दुधाच्या भुकटीचं पाणी, पट्टीला भलतं काही चिकटू नये म्हणून. एकीत सारजेला ते प्रथिन टोचण्याआधीच्या रक्ताचं पाणी घातलं, दुसरीत नंतरच्या. डब्यांवर लिहिलं: 'आधी', 'नंतर'. डब्या फ्रिजमध्ये गेल्या.

"सकाळी धुऊन रंग टाकायचा. 'नंतर'वर रेघ उठली आणि 'आधी' कोरी राहिली, की पेढे."

"आणि सारजेला?"

"गाजर. तिला साखर कशाला लावतेस?"

मग तो मोटारसायकलवर गावी निघाला. इंदापूर रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता.

शुक्रवारी कॉलेजात शोकसभा झाली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग त्याच्यासाठी सुट्टी दिली, ती थेट सोमवारपर्यंत.

रविवारी वरकुट्याला त्याच्या आईने, पुतळाबाईंनी, अंजलीचा हात धरला. "सकाळी लवकर जायाचं हाय, फोनवर म्हनत हुता. झालं का गं त्याचं काम?"

अंजलीला तेव्हा डब्या आठवल्या.

सोमवारी शिपाई रावजींनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. फ्रिजमध्ये दिवा लागला नाही. नासलेल्या दुधाचा वास आला. दोन्ही डब्यांत घट्ट दही.

"सुट्टीला मेन बंद करतोच की आमी, ताई," रावजी म्हणाले. "सशांना रोज घास टाकला. फ्रिजात काय हाय, ते धम्मदीप सरच सांगायचे."

फ्रिजच्या दारावर बाहीवरचाच एक तुकडा चिकटवलेला होता. 'शुक्रवार, सकाळी सात. तीनदा धुणे. मग रंग.' पुढे खूण करायला छोटी चौकट काढलेली.

कोरी.